वाचकांचे प्रश्न : पाणी आटण्याआधीच कामाला लागणारी जनुके

नीलहरित जीवाणू, म्हणजे सायनोबॅक्टेरिया, महिनोन्‌महिने खडखडीत वाळून पडतात आणि पाणी मिळताच पुन्हा हिरवेगार होतात. हे त्यांना कसे जमते, यावर आलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत. एकाच मुद्द्याला धरून आलेले प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : पेशीत पाणीच उरले नाही तर विकरे चालणार नाहीत, प्रथिने बनणार नाहीत. मग वाळलेल्या अवस्थेत जनुकांचे नियंत्रण होते, या म्हणण्याला अर्थ काय?

उत्तर : तुमचा आक्षेप रास्त आहे. पूर्ण वाळलेल्या पेशीत जनुकांचे नियंत्रण होतच नाही. कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे पाणी साधारण ०.१ ग्रॅमच्या खाली गेले की प्रथिनांभोवती पाण्याचा एक पदरही धड उरत नाही आणि चयापचय थांबतो. जे काही नियंत्रण व्हायचे ते दोनदा होते : पाणी कमी होऊ लागल्यापासून ते पार आटेपर्यंत, आणि पाणी परत आल्यावरच्या पहिल्या काही मिनिटांत. मधला काळ, मग तो आठवड्याचा असो की वर्षांचा, आधी करून ठेवलेल्या तयारीवर काढायचा असतो.

वाळवंटी मातीवर जी काळपट खपली धरते तिच्यातला मुख्य जीवाणू मायक्रोकोलियस व्हॅजिनॅटस. कोरडी खपली भिजवून, ती पुन्हा वाळेपर्यंत दोन दिवस-रात्रींत या जीवाणूच्या सगळ्या जनुकांचे संदेश (त्यांच्या आरएनए प्रती) ठरावीक वेळांना मोजण्यात आले. तो अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. भिजताक्षणी डीएनए दुरुस्तीची आणि नियंत्रक प्रथिनांची जनुके उसळली आणि थोड्याच वेळात पुन्हा शांत झाली. प्रकाशसंश्लेषण तासाभरात सावरले. वाळायला सुरुवात होताच ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून बचाव करणारी, परासरणाचा ताण झेलणारी आणि कार्बन-नत्राचा साठा करणारी जनुके चढली. गंमत अशी, की पेशीबाहेरचा चिकट शर्करा-लेप बनवणारी आणि पेशीपटलातल्या मेदाम्लांचे असंपृक्तपण वाढवणारी जनुके त्याच्याही आधी, माती चांगली ओली असतानाच चालू झाली होती.

त्याच कामातला दुसरा निष्कर्ष आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. संदेशवाही आरएनए एरवी काही मिनिटांत मोडतो. वाळलेल्या खपलीत मात्र तो टिकून राहिला, आणि त्यात पुढच्या पावसानंतर लागणारे संदेशही होते. नॉस्टॉक कम्यूनच्या वर्षानुवर्षे वाळून पडलेल्या वसाहतींतही लोहयुक्त सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे ऑक्सिडीकरणापासून वाचवणारे विकर कार्यक्षम सापडले आहे, आणि त्याच्या जनुकाचा संदेशही मुबलक मिळाला आहे. म्हणजे जाग आल्यावर पहिला संदेश लिहीत बसायची वेळ येत नाही, तो लिहून ठेवलेलाच असतो.

प्रश्न : पाणी जाऊ लागले आहे हे पेशीला कळते कसे? पाण्याची चाहूल घेणारे एखादे खास प्रथिन आहे का?

उत्तर : असे एकच प्रथिन नाही. सिनेकोसिस्टिस पीसीसी ६८०३ या एकपेशीय प्रकाराचा जनुकसंच १९९६ साली वाचून झाला. त्यात हिस्टिडीन कायनेज प्रकारची चाळीसहून अधिक प्रथिने आहेत. प्रत्येक कायनेज बाहेरची काहीतरी खूण टिपते आणि आपल्या जोडीदार प्रथिनाला फॉस्फेट देते. तो जोडीदार डीएनएवर बसून जनुके चालू-बंद करतो. एकेक कायनेज निकामी करून पेशींना अर्धा मोलर सॉर्बिटॉलमध्ये (साखरेसारख्या एका पदार्थात) किंवा तितक्याच मिठात ठेवल्यावर हिक३३, हिक३४, हिक१६, हिक१० अशी काही मोजकी नावे पुढे आली. त्यांतले हिक३३ थंडीलाही प्रतिसाद देते. त्यामुळे ते पाणी मोजत नसून पेशीपटलाचा ताठरपणा ओळखत असावे, असा कयास आहे.

ॲनाबीना पीसीसी ७१२० या तंतुमय प्रकारात दोन नावे लक्षात ठेवा. पहिले ऑर-ए. हे प्रतिसाद देणारे जोडीदार प्रथिन आहे आणि सुक्रोज बनवणारी जनुके त्याच्या हाताखाली येतात. दुसरे सिग-जे. जनुक वाचणाऱ्या आरएनए पॉलिमरेजला कुठून वाचायला सुरुवात करायची हे सिग्मा घटक दाखवतो. ॲनाबीनात असे डझनभर घटक आहेत आणि सिग-जे त्यांच्यातल्या तिसऱ्या गटातला. तो काढून टाकला की वाळण्याची सहनशक्ती घटते. जादा बनवला की पेशीबाहेरचा शर्करा-लेप वाढतो आणि सहनशक्तीही वाढते.

इथे एक सावधगिरी. सॉर्बिटॉल, मीठ आणि हवेत वाळणे या तिन्हींना सर्रास ‘पाण्याचा ताण’ म्हटले जाते, पण ते एक नाहीत. सॉर्बिटॉलमध्ये पेशीभोवती पाणी असतेच, ते फक्त आत शिरत नाही. मिठात सोडियम आत घुसतो आणि त्याला बाहेर काढण्याचा वेगळा खर्च पडतो. हवेत वाळताना पाणी जाते, आतले सगळे क्षार दाट होतात, प्रथिने एकमेकांना चिकटू पाहतात, आणि वर ऊन चालूच असते. शोषलेल्या प्रकाशाचे करायचे काय, हा प्रश्न पहिल्या दोन प्रयोगांत तितका उद्‌भवत नाही. सॉर्बिटॉलमध्ये चढलेल्या जनुकाला ‘वाळण्याचे जनुक’ म्हणून मोकळे होणारे निबंध म्हणूनच जपून वाचावेत.

प्रकाशाची दुसरी बाजूही आहे. नेगेव्ह वाळवंटातल्या लेप्टोलिंगबिया ओहादी या प्रकाराला रात्रीचे दव मिळते आणि सूर्य वर आला की तो वाळतो. वाळण्याआधी पहाटेसारखा मंद, हळूहळू वाढणारा प्रकाश दिला तर या पेशी नंतर चांगल्या सावरतात. तोच अंधारातून थेट वाळवल्या तर सावरण्याचे प्रमाण घसरते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या या कामातून दिसते ते असे, की या जीवाणूला पाणी कमी होण्याची वाटही पाहावी लागत नाही. पहाट झाली एवढी खूण त्याला पुरते.

प्रश्न : ट्रेहॅलोज ही साखर पाण्याची जागा घेते आणि पेशी वाचवते, असे पाठ्यपुस्तकात आहे. सायनोबॅक्टेरियांत हेच घडते का?

उत्तर : काहींत घडत असेल, पण ॲनाबीना ७१२० च्या बाबतीत हिशेब जुळत नाही. पाण्याच्या रेणूंच्या जागी साखर बसायची, किंवा सगळा पेशीरस काचेसारखा गोठायचा, तर साखर भरपूर हवी. वाळूनही जगणाऱ्या काही सूक्ष्म प्राण्यांत ती कोरड्या वजनाच्या दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत जाते. ॲनाबीनात वाळताना ट्रेहॅलोज वाढते खरे, पण त्यामानाने अगदी नगण्य.

तरीही ती बिनमहत्त्वाची नाही. ट्रेहॅलोज बनवणारी ट्रे-वाय आणि ट्रे-झेड आणि ते फोडणारे ट्रे-एच ही तिन्ही जनुके एकाच पुंजक्यात शेजारी-शेजारी आहेत. ट्रे-झेड मोडले की सहनशक्ती घटते, ट्रे-एच मोडले की साखर साठते आणि सहनशक्ती वाढते. ट्रे-एच मोडलेल्या पेशींत डीएनएके या प्रथिनरक्षकाच्या मदतनीसाची अभिव्यक्तीही बदलते. तेव्हा इथे ट्रेहॅलोज भरावासारखे नसून खुणेसारखे, किंवा प्रथिनांना सांभाळणाऱ्या हातासारखे काम करत असावे. भरावाचे काम सुक्रोज आणि बाहेरचा लेप यांच्याकडे जास्त जाते.

प्रश्न : ॲनाबीना ७१२० चा द्रव संवर्ध सेंट्रिफ्यूज करून गोळा केला, पेट्रीडिशमध्ये पसरला, सिलिका जेल घातलेल्या डेसिकेटरमध्ये रात्रभर ठेवला. सकाळी वर बीजी-११ हे वाढीचे द्रव माध्यम ओतले. रंग हिरवाच होता, पण आठवडाभरात वाढ शून्य. तीन वेळा केले, तिन्ही वेळा हेच. चूक कुठे?

उत्तर : चूक एक नाही, पाच-सहा आहेत आणि त्या एकमेकींना हात देतात.

सगळ्यांत मोठी चूक वेगाची. सिलिका जेलवरची हवा जवळजवळ शून्य आर्द्रतेची असते. पातळ थरातले पाणी त्यात इतक्या झपाट्याने उडते, की संदेश लिहून, प्रथिन बनवून, साखर साठवायला पेशीला वेळच मिळत नाही. पहिल्या उत्तरात ज्या तयारीबद्दल लिहिले ती तुम्ही होऊच दिली नाही. शिवाय रात्रभर म्हणजे बहुधा अंधारात, त्यामुळे तयारीला लागणारी ऊर्जाही नाही.

दुसरी चूक क्षारांची. बीजी-११ मध्ये दर लिटरला दीड ग्रॅम सोडियम नायट्रेट असते. गोळ्यासोबत आलेले माध्यम आटत गेले की शेवटच्या टप्प्यात पेशी दाट खारवणीत बसतात. तुम्ही वाळवण्याच्या प्रयोगात नकळत मिठाचा प्रयोगही उरकलात. तिसरी चूक थराची. सेंट्रिफ्यूजचा गोळा जाड असतो, वर पापुद्रा धरतो आणि आत ओल राहते, म्हणून वेगवेगळ्या पेशी वेगवेगळ्या अवस्थेत सापडतात.

पुढच्या वेळी असे करून पाहा. संवर्ध ३० अंश सेल्सियसला, प्रति चौरस मीटर प्रति सेकंद ३० ते ४० मायक्रोमोल फोटॉन इतक्या प्रकाशात वाढवा. ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या, ४७ मिलिमीटर व्यासाच्या पटल-गाळणीवर हलक्या निर्वाताने गाळा. दर गाळणीवर हरितद्रव्य सुमारे १० मायक्रोग्रॅम असू द्या, म्हणजे थर पातळ आणि सर्वत्र सारखा राहतो. हरितद्रव्य मिथेनॉलमध्ये काढून ६६५ नॅनोमीटरला मोजा. माध्यम धुऊन काढायला शुद्ध पाणी वापरू नका, त्याने उलटा परासरणाचा झटका बसतो. दहापट विरळ केलेले बीजी-११ पुरे.

मग गाळण्या झाकणबंद, पारदर्शक डब्यात ठेवा आणि आर्द्रता संपृक्त क्षारद्रावणांनी ठरवा. २५ अंशांना पोटॅशियम सल्फेट ९७ टक्के, साधे मीठ ७५, मॅग्नेशियम क्लोराइड ३३ आणि लिथियम क्लोराइड ११ टक्के सापेक्ष आर्द्रता देते. ९७ वर काही तास, मग ७५, मग ३३, असे उतरत जा. तळाशी न विरघळलेला क्षार सतत दिसला पाहिजे, नाहीतर आकडा खोटा ठरतो. दिव्याच्या उष्णतेने डबा तापला तर झाकणाला पाणी सुटते आणि थेंब गाळणीवर पडतात. हा अपघात फार नेहमीचा आहे. प्रकाश १० ते २० मायक्रोमोलच ठेवा, पण ठेवा.

दर तासाला एक गाळणी तोला. सापेक्ष जलांश काढायचा तो असा : त्या क्षणीच्या वजनातून कोरडे वजन वजा करा, त्याला सुरुवातीच्या ओल्या वजनातून कोरडे वजन वजा करून आलेल्या आकड्याने भागा आणि शंभराने गुणा. कोरडे वजन ८० अंशांना वजन स्थिर होईपर्यंत ठेवून घ्यावे, आणि रिकाम्या गाळणीचे वजन आधीच टिपलेले असावे. नमुने घड्याळाच्या तासांवर नव्हे तर जलांशावर घ्या. ‘सहा तास वाळवले’ या वाक्यातून दुसऱ्या प्रयोगशाळेला काहीही कळत नाही.

भिजवतानाही घाई नको. एकदम द्रव ओतला की कोरडे पेशीपटल फुगताना फाटते आणि आतला माल गळतो. आधी तासभर पाण्यावरच्या ओलसर हवेत ठेवा, मग माध्यम द्या. पहिला दिवस प्रकाश २० मायक्रोमोलच्या वर नेऊ नका.

आणि हिरव्या रंगावर विसंबू नका. मेलेली वाळकी पेशीही हिरवीच राहते. जगल्या-वाचल्याचा हिशेब विरळ करत नेलेले थेंब आगरवर टाकून करा. तंतुमय प्रकारात एक वसाहत म्हणजे एक पेशी नव्हे, म्हणून तंतू आधी हलक्या ध्वनिलहरींनी तोडून सारख्या लांबीचे करून घ्यावेत. प्रकाशसंश्लेषण किती सावरले ते हरितद्रव्याच्या प्रतिदीप्तीवरून कळते, पण वनस्पतींवर काम केलेल्यांनी एक जपावे. प्रतिदीप्तीवरून काढलेल्या एफव्ही/एफएम या गुणोत्तराचा पानांतला निरोगी आकडा ०.८ च्या आसपास असतो. सायनोबॅक्टेरियांत तो बहुधा ०.४ ते ०.६ असतो, कारण फायकोबिलिसोमची, म्हणजे प्रकाश गोळा करणाऱ्या रंगद्रव्य-प्रथिनांच्या पुंजक्यांची, स्वतःची चमक त्यात मिसळते. ०.४५ पाहून संवर्ध आजारी ठरवू नये.

तुलनेसाठी तितकाच वेळ, त्याच प्रकाशात, पण ओल्या पॅडवर ठेवलेल्या गाळण्या हव्यातच. गाळणे, प्रकाश बदलणे आणि दिवसाची वेळ सरकणे या तिन्हींनी जनुके हलतात. या जीवाणूंना स्वतःचे दैनिक घड्याळ असते.

एवढे करूनही ॲनाबीना ७१२० मधून नॉस्टॉक कम्यूनसारखा निकाल येणार नाही. ते पाण्यात राहणारे आहे. त्याच्यावर काम होते ते त्याचा जनुकसंच २००१ पासून हाताशी आहे आणि जनुके मोडणे सोपे आहे म्हणून.

प्रश्न : वाळलेल्या नमुन्यातून आरएनए काढला तर फार थोडा मिळतो, आणि क्यूपीसीआरमध्ये (संदेशांचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीत) जवळजवळ सगळीच जनुके ‘वाढलेली’ दिसतात. हे कसे?

उत्तर : पहिले, नमुना कशात टाकता ते तपासा. पाण्यात किंवा साध्या बफरमध्ये भिजवून मग पेशी फोडत असाल तर तुम्ही वाळलेली पेशी मोजत नाही, जागी झालेली मोजता. मायक्रोकोलियसचा प्रतिसाद मिनिटांत सुरू होतो हे वर आलेच आहे, आणि आरएनए तोडणारी विकरेही पाण्यासोबतच जागी होतात. गाळणी थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाका, गोठलेलीच कुटा आणि ती पूड सरळ ६५ अंशांच्या फिनॉलमध्ये किंवा ग्वानिडीन असलेल्या द्रावणात सोडा. मध्ये कुठेही साधे पाणी लागता कामा नये.

कमी आरएनए मिळण्याचे कारण बहुतेकदा तो शर्करा-लेप असतो. तो आरएनएसोबतच अल्कोहोलमध्ये साका होऊन बसतो, काचेसारखा गोळा होतो आणि पुढच्या विकरांना अडवतो. लिथियम क्लोराइडने आरएनए वेगळा साका करून घेतला की लेप बराचसा द्रावणातच राहतो. डीएनए तोडणाऱ्या डीएनएज विकराची प्रक्रिया टाळू नका. या पेशींत गुणसूत्राच्या अनेक प्रती असतात, म्हणून डीएनएची भेसळ मोठी होते.

‘सगळीच वाढली’ याचे मूळ संदर्भ-जनुकात, म्हणजे ज्याच्याशी बाकीच्यांची तुलना करायची त्या जनुकात, असते. १६एस हा रायबोसोमचा आरएनए इतका मुबलक असतो, की त्याच्याशी केलेली तुलना डळमळते. बरेच जण आरएनपीबी हे जनुक वापरतात, ते बरे. पण वाळताना पेशीतला एकूण संदेशवाही आरएनएच घटला आणि तुम्ही दर वेळी सारख्याच वजनाचा आरएनए घेतलात, तर जे कमी घटले ते वाढल्यासारखे दिसणारच. उपाय एकच : पेशी फोडतानाच, ठरावीक हरितद्रव्यामागे ठरावीक मात्रेत, या जीवाणूत नसलेला परका आरएनए मिसळायचा आणि शेवटी हिशेब त्याच्याशी लावायचा.

प्रश्न : सिग-जे मोडलेला प्रकार बनवला, प्रतिजैविकावर वाढतो, पण मूळ प्रकाराइतकाच टिकतो. जनुकाचे काम चुकीचे छापले गेले आहे का?

उत्तर : त्याआधी गुणसूत्राच्या सगळ्या प्रतींत जनुक मोडले आहे का ते पाहा. ॲनाबीनात दर पेशीत अनेक प्रती असतात. चार मोडल्या आणि चार शाबूत राहिल्या तरी पेशी प्रतिजैविकावर खुशाल वाढते. जनुकाच्या दोन्ही बाजूंना बसणारे प्रायमर घेऊन पीसीआर करा. मूळ लांबीचा फिकट पट्टासुद्धा दिसता कामा नये. दिसला तर प्रतिजैविकावर पुन्हा पुन्हा पसरत न्या, आणि वाहक प्लाझ्मिडवर सॅक-बी जनुक (ते उरलेल्या पेशी सुक्रोजवर मरतात) असेल तर ५ टक्के सुक्रोजवर निवड करा. मात्र त्या सुक्रोजवरून उचललेल्या पेशी थेट वाळवायला घेऊ नका, आधी दोन-तीनदा साध्या माध्यमात वाढवा. संवर्ध कोणत्या वयाचा घेतला हेही पाहा. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर लेप मुळातच पातळ असतो, तिथे फरक दिसायला वाव कमी.

प्रश्न : वनस्पतिसंग्रहालयातला ऐंशी वर्षांहून जुना नॉस्टॉक पाण्यात टाकल्यावर वाढला, असे वाचले. ती बीजाणूंची किमया नव्हे का?

उत्तर : नाही. ॲनाबीना-नॉस्टॉकच्या कुळातले बरेच प्रकार जाड भिंतीच्या अकायनीट पेशी बनवतात आणि त्या टिकाऊ असतात, पण नॉस्टॉक कम्यूनची ख्याती त्याच्या साध्या, वाढणाऱ्या पेशींवर आहे. त्या जेलीसारख्या लेपात बसलेल्या असतात. लेपात स्कायटोनेमिन हे अतिनील किरण अडवणारे पिवळट-तपकिरी रंगद्रव्य आणि वॉटर स्ट्रेस प्रोटीन या नावाचे प्रथिन असते. भिजल्यावर क्रम ठरलेला : आधी श्वसन, मग प्रकाशसंश्लेषण, आणि नत्र स्थिरीकरण सगळ्यांत शेवटी, कधी कधी काही दिवसांनी.

प्रश्न : ही जनुके दुसऱ्या जीवात घालून त्यालाही वाळण्यातून वाचवता येईल का?

उत्तर : एका जनुकापुरते करून झाले आहे. सिनेकोसिस्टिसचे सुक्रोज-फॉस्फेट सिंथेज बनवणारे एसपीएस-ए जनुक ई. कोलायमध्ये घातल्यावर वाळवण्यानंतर जगणाऱ्या पेशी सुमारे दहा हजार पटींनी वाढल्या, असे २००० साली प्रसिद्ध झाले. आकडा डोळे दिपवतो, पण मूळ ई. कोलाय वाळवल्यावर जवळजवळ सगळेच मरते, म्हणून पट मोठी दिसते. शिवाय ई. कोलायला प्रकाश झेलायचा नसतो. पानाच्या पेशीत सुक्रोज आधीपासूनच असते आणि तरी पान वाळून मरते, कारण शोषलेला प्रकाश वेळेवर वळवणे, प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बंद करणे आणि पुन्हा उघडणे ही कामे साखर करत नाही.